कॅसेट म्हणणारे चुकत नव्हते : सोलापुरातल्या टीव्ही गेमची पार्श्वभूमी

जुन्या टीव्ही गेमचा विषय सोलापुरात निघाला की बोलणं हमखास एका शब्दापाशी अडतं : कॅसेट, म्हणजे मशीनच्या खाचेत बसवायची गेमची प्लास्टिकची डबी. पुण्यात चार वर्षं नोकरी करून आलेला कुणीतरी 'कार्ट्रिज म्हण रे' अशी दुरुस्ती करतो आणि गड्ड्याच्या जत्रेतून पिवळी कॅसेट आणलेला माणूस गप्प होतो. त्याने गप्प बसायचं काहीच कारण नाही.

प्रोग्राम म्हणजे काय, हे या गावाने कॉम्प्युटरच्या आधीच पाहिलं होतं. नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे दोऱ्याने ओवून माळेसारखे टांगलेले असतात. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर असाच उमटतो. १८०४ सालची ही फ्रेंच युक्ती. पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदलते, तशीच डबी बदलली की गेम बदलतो. म्हणून आता कॅसेटकडं येऊ.

आपण ज्याला सरसकट टीव्ही गेम म्हणायचो, त्यातल्या बहुतेक मशिनांचं मूळ म्हणजे जुलै १९८३ मध्ये जपानात आलेला निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम. आठ बिटांचा प्रोसेसर आणि कामापुरती २ केबी मेमरी. गेम असायचा तो प्लास्टिकच्या डबीतल्या चिपवर. डबी खाचेत बसवली की ती चिप थेट प्रोसेसरला जोडली जायची, म्हणून बटण दाबताच गेम सुरू व्हायचा. आत टेप नाही, फिरणारं काही नाही. आक्षेप घेणारे बोट ठेवतात ते इथंच. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. त्याच काळात ब्रिटनमधल्या घरगुती कॉम्प्युटरचे गेम खरोखरच गाण्यांच्या कॅसेटवर यायचे आणि लोड व्हायला कित्येक मिनिटं लागायची. तिकडचं लिखाण वाचून वाढलेल्याला कॅसेट म्हणजे टेपच वाटणार.

पण ज्या देशात ही डबी जन्मली, तिथं तिला काय म्हणत? कसेट्टो. रोम-कसेट्टो, रोम म्हणजे फक्त वाचता येणारी मेमरीची चिप. दुकानदार म्हणत, मुलं म्हणत, कंपनीही म्हणे. १९८५ मध्ये हेच मशीन नव्या खोक्यात अमेरिकेला गेलं, तेव्हा कंपनीने डबीला नाव दिलं 'गेम पाक'. म्हणजे कार्ट्रिज हा तिथलाही अधिकृत शब्द नव्हता. तो आधीच्या अमेरिकी मशिनांपासून लोकांच्या तोंडी बसलेला. एका बोलीतला शब्द शुद्ध आणि दुसऱ्या बोलीतला अडाणी, ही वाटणी मला मान्य नाही. सोलापूरच्या नवी पेठेत 'नवीन कॅसेट आली का' असं विचारणारा पोरगा जपानी पोराच्याच भाषेत बोलत होता.

आपल्याकडं आली ती बहुतेक नक्कल. अमेरिकेच्या मशीनमध्ये परवान्याशिवायचे गेम अडवणारी कुलपाची चिप होती, मूळ जपानी मशीनमध्ये नव्हती. म्हणून नक्कल करणाऱ्यांना जपानी साचा सोपा गेला. आपल्या कॅसेटी ६० पिनांच्या असायच्या, अमेरिकी ७२ पिनांच्या. पुढं सगळं मशीन एका चिपमध्ये मावलं. डबा उघडला तर पाटीवर काळ्या लाखेसारखा एक ठिपका, बाकी जागा रिकामी.

'९९९९ इन १', म्हणजे एकाच कॅसेटमध्ये ९९९९ गेम, ही फसवणूकही याच डब्यांतली. यादी न संपणारी, पण गेम मोजकेच. तोच मारिओ कधी पुढच्या लेव्हलपासून, तोच काँट्रा कधी वेगळ्या बंदुकीने, आणि प्रत्येकाला वेगळा नंबर. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. खरं तर फुंकरीतला ओलावा पिनांना वाईटच. काम व्हायचं ते काढून पुन्हा बसवल्यामुळं, पिना नीट टेकल्यामुळं.

कीबोर्डवाल्या मशिनांना मात्र मी जास्त मान देतो. त्यांच्या कॅसेटमध्ये बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायची सोपी भाषा, असायचं. ओळीला दहा, वीस असे नंबर देऊन आपलं नाव टीव्हीवर खाली खाली पळवणं, हा कितीतरी जणांचा पहिला प्रोग्राम. मशीन बंद केलं की तो पुसला जायचा, म्हणून वहीत उतरवून ठेवायचा.

१९९७ च्या सुमारास इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम, पसरू लागले आणि डबीची फाइल झाली. फाइलीला आता सगळे 'रोम' म्हणतात, कार्ट्रिजवालेसुद्धा. एकच गोष्ट फाइलीत उतरत नाही, ती म्हणजे बदकं मारायच्या गेमची, टीव्हीवर रोखायची बंदूक. ट्रिगर दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदूक तो उजेड टिपते. हे गणित जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बसवलेलं. सपाट टीव्हीवर चित्र उशिरा पोचतं आणि नेम चुकतो. घरातला जुना टीव्ही भंगारात द्यायला निघालेल्यांनी आधी ती बंदूक कुठं आहे ते बघावं.