आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांची तब्येत: क्षयाच्या चाचणीपासून शपथेपर्यंत

वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा फार्मसी शिकणाऱ्यांना आज विद्यापीठं विचारतात: झोप किती मिळते, व्यायाम होतो का, जेवण वेळेवर होतं का, मन कसं आहे? या चौकशीमागचा इतिहास बराच मागे जातो, आणि त्यात संसर्गाची भीती आधी येते.

१८४७ मध्ये व्हिएन्नात शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी प्राध्यापक कोलेचका यांना लागली आणि ते जंतुदोषाने गेले. या मृत्यूवरूनच तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांना बाळंतज्वराचं कारण उमगलं: शवविच्छेदनातून हातांवर येणारी घाण. हात धुण्याच्या संदर्भात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण रोज उघड्या हातांनी तेच काम करणारे विद्यार्थी किती धोक्यात होते, इकडे सहसा कुणी लक्ष वेधत नाही.

विद्यार्थ्यांकडे थेट पाहिलं ते नॉर्वेत. डॉक्टर योहानेस हाइमबेक यांनी १९२४ पासून ऑस्लोच्या उलेव्होल रुग्णालयातल्या विद्यार्थी-परिचारिकांची ट्यूबरक्युलिन चाचणी सुरू केली; क्षयाच्या जंतूंचा संसर्ग झाला असेल तर तिच्यात हाताच्या त्वचेवर गाठ उठते. प्रवेश घेताना सुमारे निम्म्या मुलींना क्षयाच्या जंतूंचा संसर्ग झालेला नव्हता. तीन वर्षांचं प्रशिक्षण संपेपर्यंत तो जवळजवळ सगळ्यांना झालेला होता, आणि कोऱ्या आलेल्या मुलींमध्येच पुढे आजाराचं प्रमाण जास्त निघालं. वॉर्डात काम केल्याने वेगळा धोका नसतो, असं मानणारे डॉक्टर त्या काळी पुष्कळ होते. त्यांना या मुलींच्या हातावरच्या गाठींनी उत्तर दिलं. मला या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान वाटतं, कारण शिकण्याची जागाच विद्यार्थ्याला आजारी पाडू शकते हे इथे मोजून दाखवलं गेलं.

दिनक्रमाचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या नाइटिंगेल प्रशिक्षणशाळेत मुली तिथेच राहत, वॉर्डात राबत, आणि त्यांच्या कामाइतकीच वागणुकीचीही नोंद दर महिन्याला होई. १८८९ मध्ये बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं. तिथे शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी रुजवलेल्या पद्धतीत शिकाऊ शल्यचिकित्सक अक्षरशः रुग्णालयात मुक्कामाला असत. ‘रेसिडेंट’ हा शब्द त्यातूनच रुळला. हॉलस्टेड यांना कोकेन आणि नंतर मॉर्फिनचं व्यसन होतं, म्हणून त्या अमानुष तासांचं खापर काही जण व्यसनावर फोडतात. मला ते घाईचं वाटतं. चोवीस तास हाताशी असलेला, स्वस्तात राबणारा तरुण रुग्णालयांना हवाच होता. १८८९ मध्येच डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या नव्या वैद्यकीय पदवीधरांना कोणत्याही प्रसंगी अविचल राहण्याचा गुण जोपासायला सांगितलं. रुग्णाच्या खाटेजवळ तो लागतोच. पण वसतिगृहाच्या खोलीतही तोच चेहरा ठेवायचा, अशी शिस्त हळूहळू पडली.

१९४० च्या दशकात कॅरोलिन बेडेल थॉमस यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये एक दीर्घ अभ्यास हाती घेतला. १९४८ ते १९६४ या तुकड्यांतल्या १,३३७ विद्यार्थ्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, कॉफी, ताण आल्यावर ते काय करतात, सगळं टिपलं गेलं. विशीतलं कोलेस्टेरॉल मध्यमवयातल्या हृदयविकाराची चाहूल देतं, हे त्यातून १९९३ मध्ये मांडलं गेलं. मात्र इथे विद्यार्थी होता तो नमुना म्हणून; शिक्षणाचा त्याच्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न १९८२ मध्ये बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी विचारला. उत्साहाने आलेली मुलं काही वर्षांत घाबरलेली, कडवट का होतात? छळ झालेल्या लहान मुलांमध्ये दिसणाऱ्या बदलांशी त्यांनी याची तुलना केली. तुलना जहाल होती, पण अपमान आणि ओरडा हा शिक्षणाचा भाग मानू नये, ही चर्चा त्यानंतर मागे हटली नाही. ‘बर्नआउट’, म्हणजे कामाच्या ताणाने येणारा मानसिक थकवा, हा शब्द मानसशास्त्रज्ञ फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ मध्ये वापरला होताच, आणि १९८१ मध्ये तो मोजणारी मास्लाक यांची मापनपट्टीही आली होती.

कामाच्या तासांना मर्यादा आली ती न्यूयॉर्कमध्ये. १९८४ मध्ये तिथे सलग तासन्‌तास काम करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या देखरेखीखाली एका तरुण रुग्णाचा मृत्यू झाला, त्यावर गदारोळ झाला आणि १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ८० तासांचा नियम लागू झाला. २००३ मध्ये तो अमेरिकाभर गेला. युरोपीय संघात २००९ पर्यंत ४८ तास ठरले. हे सारं पदवीनंतरच्या डॉक्टरांसाठी.

२०१६ मध्ये ४३ देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं: २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं, ११.१ टक्क्यांत आत्महत्येचे विचार. नैराश्याच्या चाचणीत सापडलेल्यांपैकी उपचार घेतले होते फक्त १५.७ टक्क्यांनी. बहुतेक माहिती प्रश्नावल्यांवरची, म्हणून पहिला आकडा निदान समजू नये. तिसरा मात्र मला अधिक अस्वस्थ करतो.

पुढच्याच वर्षी जिनिव्हा घोषणापत्रात, म्हणजे डॉक्टरांच्या १९४८ पासूनच्या शपथेत, स्वतःचं आरोग्य आणि स्वास्थ्य सांभाळण्याचं वचन पहिल्यांदा आलं, तेही उत्तम सेवा देता यावी यासाठी. २०१५ च्या ओकानागन सनदेने, म्हणजे विद्यापीठांच्या आरोग्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याने, विद्यापीठाच्या धोरणांतच आरोग्य आणा, असा आग्रह धरला होता. त्या दिशेचा एक ठोस बदल अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये झाला: वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणं थांबलं, निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. दुसऱ्या टप्प्याच्या लेखी परीक्षेचे गुण अजून कायम आहेत.