एनबीएचा ड्राफ्ट आणि आयपीएलचा लिलाव

दरवर्षी एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम) झाला की ‘अमुक संघाने तमुक खेळाडूला विकत घेतले’ अशा थाटाची वाक्ये वाचायला मिळतात, आणि कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला विशीतला मुलगा रातोरात कोट्यधीश झाला असे आपणही गृहीत धरतो. हा आयपीएलच्या लिलावाच्या सवयीचा परिणाम आहे. लिलाव आपल्याला पाठच आहे: बोली चढत जाते, हातोडा पडतो, आणि ऋषभ पंतवर 27 कोटींची बोली लागली म्हणजे त्याचे मोसमाचे मानधन तेवढे ठरले.

ड्राफ्टमध्ये बोली नसतेच. संघ 30, फेऱ्या दोन आणि निवडीचा क्रम आधीच ठरलेला. प्लेऑफ न गाठलेल्या 14 संघांमध्ये पहिल्या क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. हे क्रम आणि निवडलेले खेळाडू संघ आपापसांत बदलूही शकतात, म्हणूनच 2018 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या ट्रे यंगची निवड डॅलसने केली आणि तो खेळायला गेला अटलांटाकडे. हे एकदा सांगितले की कुणालाही कळते.

खरा घोळ पुढेच आहे. ड्राफ्टमध्ये नाव पुकारले गेले म्हणजे नोकरी लागली असे नाही. संघाला मिळतो तो केवळ त्या खेळाडूशी वाटाघाटी करण्याचा एकाधिकार. एनबीएतल्या अन्य कोणत्याही संघाला त्याच्याशी करार करता येत नाही, इतकेच. पहिल्या फेरीत हा फरक जाणवत नाही, कारण तिथे क्रमांकानुसार पगाराचा तक्ता ठरलेला असतो, पहिल्या दोन वर्षांची हमी असते आणि तिसरे व चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर राहते. दुसऱ्या फेरीत मात्र असा तक्ता नाही आणि हमीही नाही. हक्क टिकवायला संघाने एका वर्षाचा किमान पगाराचा प्रस्ताव दिला तरी पुरते, आणि सराव शिबिरात मुलगा पसंत पडला नाही तर मोसम सुरू होण्याआधीच त्याला नारळ देता येतो. उलट खेळाडू परदेशात खेळत राहिला तर संघाचा हक्क वर्षानुवर्षे अबाधित राहतो: मनू जिनोबिलीला सॅन अँटोनिओने 1999 मध्ये 57 व्या क्रमांकावर निवडले, पण त्या संघाकडून तो खेळू लागला 2002 मध्ये.

आपल्याकडे या घोळाचा सर्वांत ठळक बळी म्हणजे सतनाम सिंग. पंजाबच्या बल्लो के गावच्या या मुलाला 2015 मध्ये डॅलसने 52 व्या क्रमांकावर निवडले. कॉलेजात न खेळता, थेट फ्लोरिडाच्या अकादमीतून ड्राफ्टपर्यंत पोहोचणे ही मोठीच गोष्ट होती. तरीही त्याला ‘एनबीएत खेळलेला पहिला भारतीय’ म्हणणे साफ चूक आहे, कारण तो डॅलसशी संलग्न टेक्सास लेजंड्सकडून दुय्यम लीगमध्ये खेळला आणि एनबीएच्या मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनबीएच्या मैदानात उतरला होता, तो कॅनडात जन्मलेला सिम भुल्लर. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून खेळलेल्या या जवळपास साडेसात फुटी खेळाडूला 2014 च्या ड्राफ्टमध्ये कुणीही निवडले नव्हते. सॅक्रामेंटोने त्याला आधी घेतले, मग सोडले, दुय्यम लीगमध्ये खेळू दिले आणि अखेर दहा दिवसांच्या करारावर बोलावले. निवडला गेलेला खेळला नाही. न निवडलेला, तीनच सामने का होईना, खेळला.

याच कारणाने ड्राफ्टमध्ये नाव न येणे म्हणजे लिलावात ‘अनसोल्ड’ राहण्यासारखी नामुष्की, हे समीकरण मला मुळीच मान्य नाही. न निवडलेला खेळाडू मोकळा असतो आणि आपण खेळतो त्या जागेसाठी खेळाडूंची कमतरता असलेला संघ स्वतः शोधू शकतो. विचिता स्टेटमध्ये चार वर्षे काढलेल्या फ्रेड व्हॅनव्लीटला 2016 मध्ये कुणी निवडले नाही. तो टोरांटोकडे गेला, 2019 मध्ये त्या संघासह विजेता ठरला आणि 2022 मध्ये ऑल-स्टारही, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, झाला. पंचावन्नावा क्रमांक मिळण्यापेक्षा मी हे स्वातंत्र्य केव्हाही पसंत करीन.

कॉलेजातला एखादा मुलगा खरोखर एनबीएत पोहोचला का, हे जूनमधल्या ड्राफ्टच्या टाळ्यांवरून ठरवू नये. ऑक्टोबरमध्ये मोसम सुरू होताना संघाच्या 15 नियमित करारांत त्याचे नाव आहे का, की दुय्यम लीगमध्ये ये-जा करणाऱ्या तीन टू-वे जागांपैकी एक त्याला मिळाली आहे, ते पाहावे.