बीपीचं मशीन घरी नेताय? आधी हा कागद वाचा

मेडिकल चौकाजवळच्या आमच्या छोट्या दुकानातून मशीन नेल्यावर काही ग्राहक आठवडाभरात परत येतात. "भाऊ, मशीन काहीही दाखवते." मागच्या हिवाळ्यात एक काकाजी आले होते. म्हटलं, कसं मोजता ते करून दाखवा. त्यांनी स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, बटण दाबलं आणि आमच्याशी गप्पा सुरू केल्या. मशीन ठणठणीत होतं.

आकडे दोन का? हृदय आपल्या मुठीएवढं. मिनिटाला ७० च्या आसपास ठोके, दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त. म्हणजे अंगातलं पाचेक लिटर रक्त मिनिटभरात फिरून येतं. डावा खालचा कप्पा आवळला की रक्त जोरात महाधमनीत शिरतं, त्या क्षणाचा दाब म्हणजे वरचा आकडा. मग हृदय सैल पडतं, पण दाब शून्यावर येत नाही. ताणलेली महाधमनी रबरासारखी आकसते आणि रक्त पुढे ढकलत राहते. पुढच्या ठोक्याआधी उरलेला दाब म्हणजे खालचा आकडा. वय वाढलं की हे रबर कडक होतं. म्हणूनच आजोबांचा वरचा आकडा चढलेला आणि खालचा बेताचाच, असं पुष्कळदा दिसतं.

तुमचं मशीन हे ऐकत नाही, चाचपतं. पट्टा फुगून दंडातली धमनी दाबून बंद करतो, मग हवा हळूहळू सुटते. रक्त पुन्हा धडका देऊ लागलं की पट्ट्यातली हवा थरथरते आणि त्या थरथरीवरून मशीन दोन्ही आकडे काढतं. हात हलला, बोललात किंवा ठोके अनियमित असले की हिशेब चुकतो. ठोके अनियमित असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मशीन घेण्याआधीच आम्हाला सांगा.

ही धमनी दंडाच्या आतल्या बाजूने जाते. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर बांधा, नळी आतल्या बाजूला ठेवा. पाठ टेकून, पाय जमिनीवर सोडून पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीवर हवा. तो दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी आकडा सात-आठने वाढतो! चहा घेऊन अर्धा तास होऊ द्या, लघवी अडवून बसू नका. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा.

आपल्या नागपूरचा उन्हाळा वेगळाच. ४५ अंशांत कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, घामातून पाणी-मीठ जातं आणि दाब उतरतो. गोळी मात्र हिवाळ्यातलीच चालू असते. खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने कमी करू नका, बंदही करू नका.

घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं असं काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पट्टा दंडाला घट्ट होत असेल तर आकडा उगाच जास्त येतो. बिल घेऊन या, दंडाचा घेर टेपने मोजून मोठा पट्टा देऊ.