सर्वांत वाईट आवाज कुणाचा? इंदुरातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

लोकप्रिय गायकांत सर्वांत वाईट आवाज कुणाचा, हा वाद इंदूरच्या मराठी मंडळींत कुठूनही निघाला तरी दोन नावं त्यातून आधीच बाजूला काढलेली असतात. एक लता मंगेशकर, जन्म २८ सप्टेंबर १९२९, शिख मोहल्ला, इंदूर. दुसरे किशोरकुमार, जन्म त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टचा, गाव खांडवा, पण कॉलेज इथलंच, ख्रिश्चन कॉलेज. मंगेशकर कुटुंब लवकरच हे गाव सोडून गेलं, याची इथे कुणी फारशी दखल घेत नाही. माहेर ते माहेर. तेव्हा गाणाऱ्या बायकांचं माप लताबाईंवरून आणि पुरुषांचं किशोरवरून, ही इथली रीत. बाकी कुणाचंही नाव घ्या आणि खुशाल ठोका.

एकेकाळी हे दोन्ही आवाज नापास झाले होते, याचा मात्र सोयीनं विसर पडतो. १९४८च्या सुमारास मुंबईतल्या एका बड्या निर्मात्यानं लताबाईंचा आवाज फार पातळ आहे म्हणून त्यांना नकार दिला. त्या काळचे कान शमशाद बेगम, जोहराबाई अशा भरदार गळ्यांना सरावलेले होते. किशोरकुमार सुरुवातीला सैगलांच्या वळणानं गात. रीतसर तालीम नाही, म्हणून बरीच वर्षं त्यांना मुख्यतः स्वतःसाठी आणि देव आनंदसाठीच गाणी मिळत राहिली. सगळ्या नायकांचा आवाज ते झाले १९६९ नंतर, म्हणजे चाळिशीला टेकल्यावर. तेव्हा ‘वाईट आवाज’ हा शिक्का गळ्यावर बसतो की त्या गळ्याआधी ऐकलेल्या दुसऱ्या गळ्यामुळे बसतो, हे आधी पाहायला हवं. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, आणि पुढचं सगळं त्याच अंगानं लिहिलं आहे.

फार मागे जायची गरज नाही. ग्वाल्हेरची खुली, ‘आ’कारातली गायकी आणि बिनमाईकच्या संगीत नाटकात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला लागणारी काळी चारची, म्हणजे उंच पट्टी, या दोन गोष्टींनी मराठी कान घडवला. आवाज म्हणजे चढा, टोकदार, फेकलेला. माईक आल्यावर ही गरज संपली, पण कान बदलायला दोन पिढ्या गेल्या. इंदूरचेच उस्ताद अमीर खाँ खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, संथ, स्वतःशी बोलल्यासारखे गात. त्यांचं गाणं ‘उठत नाही’ म्हणणारे याच गावात होते. इंदूरजवळच्या देवासला १९४८ साली क्षयावर उपचारासाठी आलेले कुमार गंधर्व काही वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर पुन्हा गाऊ लागले. छोट्या छोट्या तुकड्यांतल्या त्यांच्या गाण्याला कुणी चमत्कार म्हटलं, कुणी नाकं मुरडली. हा सगळा शास्त्रीय गाण्यातला कलह. लोकप्रिय गाण्यातला कलह तिथूनच शब्द उसने घेतो: घोगरा, किनरा (बारीक, टोचणारा), कणसूर (सुरापासून किंचित ढळलेला), नाकातला.

१९५२ मध्ये या शब्दांना सरकारी शिक्का मिळाला. नभोवाणी खातं तेव्हा एका मराठी मंत्र्यांकडे आलं. शास्त्रीय संगीताचा त्यांचा अभ्यास मोठा, आणि सिनेसंगीताचा तिटकाराही तेवढाच. आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आधी कमी झाली, मग निर्मात्यांशी बिनसलं आणि काही काळ जवळजवळ गायबच झाली. लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, विविध भारती काढून सरकारनं आपलाच निर्णय गिळला. पण त्याच काळात सुरू झालेली कलावंतांची स्वरपरीक्षा टिकली. नावाजलेल्या गवयांनाही ऑडिशन द्या म्हटल्यावर बराच आरडाओरडा झाला. पुढे मात्र तिच्यातल्या ‘बी-हाय’ आणि ‘ए’ या श्रेणी म्हणजे नावामागे लावायची पदवी होऊन बसली. इंदूरचं केंद्र १९५५ साली मालवा हाउसमध्ये सुरू झालं. तेव्हापासून इथल्या वादांत एक हुकमी वाक्य आलं: हा रेडिओच्या ऑडिशनलासुद्धा पास होणार नाही. ज्यांच्याबद्दल हे म्हटलं जाई, त्यांतले निम्मे ऑडिशन द्यायला कधी गेलेच नसतील, हा भाग वेगळा.

तरी खरा भडका कॅसेटच्या काळातला, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

टेप येण्याआधी मध्यमवर्गीय घरात तबकड्या मोजक्या असत. रेडिओवर जे लागेल ते ऐकायचं. दोन गायकांनी गायलेलं एकच गाणं एकामागून एक लावून पाहण्याची सोय नव्हती. ऐंशीच्या दशकात घरोघर टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला संच, आला आणि गल्लोगल्ली कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. कागदावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी भरलेली आणायची. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलेलं असायचं, कारण बाजू संपलेली. नव्वदची फीत पातळ, लवकर ताणली जायची. घरच्या टेपचा पट्टा सैल झाला की गाणं उतरायचं, आवाज जाडसर, झोपाळू व्हायचा. उलट दुकानातला डेक हळू फिरत असला तर तिथे भरलेली कॅसेट घरी चढ्या पट्टीत वाजायची आणि चांगला भरदार गायक किनरा लागायचा. हेड वर्षानुवर्षं न पुसलेला असला तर वरचे सूर बोथट होत ते वेगळंच. या सगळ्याचं पाप गायकाच्या माथी. त्या दिवसांत ठाम झालेली कितीतरी मतं मुळात मोटरबद्दलची आहेत.

याच सुमारास दोन जागा रिकाम्या झाल्या. ३१ जुलै १९८० ला मोहम्मद रफी गेले, १३ ऑक्टोबर १९८७ ला किशोरकुमार. पडद्यावरच्या नायकांना गाणी तर हवीच होती. रफींच्या वळणाचे तीन-चार गायक पुढे आले, पाठोपाठ किशोरच्या वळणाचे आले. इंदुरातल्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत तर असे गायक मृत्यूच्या आधीपासून होते. निवेदक त्यांची ओळखच ‘अमक्याचा आवाज’ अशी करून द्यायचा आणि टाळ्या पडायच्या. गणपतीच्या मांडवात ज्या नकलेला टाळ्या, तीच रेकॉर्डवर आली की शिव्या. ऐंशीच्या दशकातल्या ज्या दोघातिघांची नावं ‘सर्वांत वाईट’ म्हणून आजही पहिल्या दमात घेतली जातात, ते सगळे या रिकाम्या जागांवर बसवलेले होते. त्यांची गाणी त्या वेळी धडाधड खपत होती, लग्नाच्या वरातीत वाजत होती. बँडवाल्याला तीच वाजव म्हणून सांगणारे आणि त्यांना नावं ठेवणारे लोक वेगळे नव्हते.

मग आली ‘व्हर्जन’ची लाट. या एका गोष्टीनं वादाचं स्वरूप जेवढं बदललं तेवढं दुसऱ्या कशानंच नाही.

कल्पना अशी: जुनं गाजलेलं गाणं नव्या गायकाकडून, नव्या वादकांसह पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं आणि मूळ कंपनीच्या कॅसेटपेक्षा बरंच स्वस्त विकायचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, याला वाट होती. गाणं एकदा परवानगीनं ध्वनिमुद्रित झालं असेल तर दुसऱ्यानं नोटीस देऊन, ठरलेलं मानधन भरून ते पुन्हा मुद्रित करावं. तो कायद्याचा भंग नव्हे. मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क एकाकडे, चाल आणि शब्दांचा वेगळा. ही फट ज्याला दिसली त्यानं बाजार मारला. दिल्लीकडच्या एका कंपनीनं रफी, किशोर, मुकेश, लता यांची गाणी नव्या गळ्यांतून शेकड्यांनी बाजारात आणली. जुन्या कंपनीचं म्हणणं, ही सरळ चोरी. नव्या कंपनीचं म्हणणं, तुम्ही अर्धा माल छापतच नाही, छापता तो महाग, आम्ही गाणी गावागावांत पोचवली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. छोट्या गावात जुनी गाणी पोचली ती बहुतेक व्हर्जनमधूनच, हे माझं मत मी बदलणार नाही.

भांडण मुख्यतः वेष्टनावरून पेटलं. कव्हरवर दिवंगत गायकाचा मोठा फोटो, त्याखाली ‘यादें’ किंवा ‘श्रद्धांजली’, आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचं नाव कोपऱ्यात, तांदळाएवढ्या अक्षरांत. गिऱ्हाईक घरी जाऊन टेप लावायचं आणि दुसऱ्या ओळीला थबकायचं: हा तो नाही. म्हणून दुकानात प्रश्न रूढ झाला, ‘भिया, ओरिजनल है कि व्हर्जन?’ १९९४च्या दुरुस्तीनं दोन गोष्टी केल्या. मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर आणखी दोन वर्षं व्हर्जन काढायचं नाही, आणि गाणारा कोण याबद्दल लोकांची दिशाभूल होईल असं वेष्टन वापरायचं नाही. १९९५ मध्ये एका तुफान चाललेल्या चित्रपटाच्या गाण्यांवरून प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेलं. तिथेही मुद्दा हाच की ही मूळ ध्वनिफीत नव्हे, हे कव्हरवर वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. २०१२च्या दुरुस्तीत दोनाची पाच वर्षं झाली. तोवर कॅसेटच संपली होती, त्यामुळे तो मुहूर्त कुणासाठी होता देव जाणे.

वादाच्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच आहे. व्हर्जनमुळे पहिल्यांदाच एक गाणं, एक चाल, एक पट्टी आणि दोन गळे शेजारी-शेजारी ऐकायला मिळाले. जिलेबी खाऊन चहा प्यायला की चहा फिका लागतो, तसं मूळ गाण्यानंतर कुठलंही व्हर्जन लागायचं. त्यात वाद्यमेळाचा मोठा वाटा होता. मूळ गाण्यामागे तीस-चाळीस व्हायोलिन, खरा मेंडोलिन, खरी बासरी. व्हर्जनमागे एक की-बोर्ड आणि ऱ्हिदम मशीन. ढोलक एकसारखा, यंत्राचा. त्या कोरड्या साथीवर लताबाईंनाही उभं केलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सगळा दोष ‘आवाजाचा’ ठरला. व्हर्जन गाणाऱ्यांतले दोघंतिघं पुढे स्वतःच्या नावावर देशभर गाजले. मग त्यांच्या त्याच गळ्याला लोक गोड म्हणू लागले. जे मागे राहिले ते कायमचे ‘नकली’. माझ्या लेखी सर्वांत मोठा अन्याय या लोकांवर झाला. दिवसाला कितीतरी गाणी उरकायची, चाल जराही बदलायची मुभा नाही, नाव छोट्या अक्षरांत, आणि तुलना थेट देवांशी.

नव्वदीत आरोपाचा पत्ता गळ्यावरून नाकावर गेला. मऊ टाळू खाली राहिला की हवा नाकावाटे घुमते, एवढीच ही भानगड. म, न, ङ हे वर्ण तिच्याशिवाय निघतच नाहीत. सैगलांच्या आवाजात ती होती, मुकेशच्या आवाजात होती आणि तिथे तिला ‘दर्द’ म्हटलं गेलं. १९९० नंतरच्या एका भरपूर गाणाऱ्या गायकात तीच ‘सर्दी’ झाली, आणि २००५-०६ मध्ये टोपी घालून गाणाऱ्या एका संगीतकाराच्या वेळी तर चेष्टेला सीमा राहिली नाही. त्या दोन वर्षांत रिक्षा असो की छप्पन दुकानची खाऊगल्ली, त्याच्याशिवाय दुसरं काही वाजत नव्हतं, हेही तेवढंच खरं. २००४ पासून टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धांनी पहिल्या फेरीत बेसुऱ्या उमेदवारांना मुद्दाम दाखवायला सुरुवात केली, आणि वाईट आवाज ही हसायची गोष्ट झाली. आधी ती चिडायची होती.

दरम्यान सुराचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या निकालात निघाला. चुकलेला सूर जागेवर आणून बसवणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ साली बाजारात आलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडच्या स्टुडिओंतही रुळलं. आता रेकॉर्डवर कणसूर राहिलेला गायक सापडणं अवघड. पूर्वी निदान एवढं तरी सिद्ध करता येई: पेटी काढा, हा गंधार इथे लागायला हवा, हा इथे लावतो. मुकेशबद्दलची भांडणं अशी पेटीपर्यंत जायची. आता उरला फक्त आवाजाचा पोत, आणि पोताला पेटी नाही. म्हणून हल्लीचे वाद लांबतात आणि कुणीच हरत नाही. निवृत्त मंडळींचे कराओके गट निघाल्यापासून भाग घेणारे वाढले ते वेगळंच. हातात माईक आल्यावर माणूस दुसऱ्याच्या गळ्याबद्दल जरा सौम्य बोलेल असं वाटत होतं, तसं काही दिसत नाही.

२०२३ पासून आणखी एक प्रकार फोनवर फिरतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेनं रफींच्या आवाजात बसवलेली आजची गाणी. ना नोटीस, ना मानधन, ना कोपऱ्यात का होईना नाव. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आजच्या एका आघाडीच्या गायकाच्या आवाजाची संमतीशिवाय अशी नक्कल करून देणाऱ्या साधनांना मनाई केली. इंदूरच्या गटांत मात्र क्लिपा येतच आहेत, आणि खाली ‘याला म्हणतात आवाज’ असं लिहिणारे बहुतेक तेच आहेत, ज्यांनी एकेकाळी दुकानात व्हर्जन परत केली होती.