तुसाची राख आणि सिमेंट : पार्श्वभूमी

गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाचे तूस सहसा वाया जात नाही. भिंत लिंपायच्या मातीत ते कालवले गेले, वीटभट्टीत जळले आणि उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरमध्ये आजही जळते. प्रश्न उरतो तो राखेचा. १०० किलो धानामागे साधारण २० किलो तूस निघते व त्याची सुमारे ४ किलो राख होते. धानाचे रोप जमिनीतून सिलिका (वाळूतला मुख्य घटक) शोषून ती तुसात साठवत असल्याने नीट जळलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिकाच असते.

अशा भुकटीची चुन्याशी गाठ पडली की ती दगडासारखी घट्ट होते, हे ज्ञान जुने आहे. रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या पोत्झुओलीची ज्वालामुखीय राख चुन्यात मिसळली. आपल्याकडील गवंड्यांनी त्याच कामी विटांची सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, वापरली. सिमेंट पाण्यात कालवल्यावरही त्यातून चुना सुटतो आणि राखेतील सिलिका त्याच्याशी संयोग पावून काँक्रीटमधील बारीक छिद्रे भरून काढते.

मात्र कोणतीही राख चालत नाही, आणि या विषयाचा खरा इतिहास येथेच आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे पी. कुमार मेहता यांनी केलेल्या संशोधनाने तूस कसे जाळावे याकडे लक्ष वेधले. साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला जाळल्यास सिलिका स्फटिकरहित व क्रियाशील राहते. आच फार वाढली की ती स्फटिकरूप होऊन चुन्याशी संयोग पावेनाशी होते. गिरणीमागच्या ढिगातली मूठभर राख चोळून पाहावी. बोटे काळी करणाऱ्या राखेत न जळलेला कार्बन असतो आणि तो काँक्रीटमधील पाणी ओढून घेतो. पांढुरकी राख चांगली वाटते, पण ती जास्त तापलेलीही असू शकते, म्हणून रंगावर विसंबता येत नाही.

काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीने या राखेला मान्यता दिली, परंतु तिचा दर्जा एकसारखा असावा आणि संबंधित अधिकाऱ्याची संमती असावी, अशा अटी घातल्या. तोवर कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतील कोळशाची राख पुढे निघून गेली होती. केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेने तिचा वापर वीजकेंद्रांच्या परिसरात बंधनकारकही केला होता. पश्चिम विदर्भातील पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांना, हा हिशेब लागू होत नाही, कारण तिच्या राखेत पोटॅश अधिक आणि सिलिका कमी असते.

प्रयोगांत १० ते २० टक्के सिमेंटच्या जागी तुसाची राख उपयोगी ठरली आहे. गिरणीचा बॉयलर मात्र वाफेसाठी बांधलेला असतो, राखेसाठी नव्हे. त्यामुळे प्रत्येक खेपेची राख तपासून आणि बारीक दळूनच घ्यावी लागते.