पार्श्वभूमी : बाकावरून मैदानात उतरलेले योर्दानेस्कू

७ मे १९८६. स्पेनमधल्या सेव्हियाचं स्टेडियम बार्सिलोनाच्या पाठीराख्यांनी खच्चून भरलेलं होतं. युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेची, अंतिम लढत ०-० अशी अडकून पडली होती. रोमानियाच्या स्तेआवा बुखारेस्ट संघाचा कर्णधार तुदोरेल स्टोइका निलंबित असल्याने त्या रात्री खेळू शकत नव्हता. मधल्या फळीला कुणीतरी जाणता माणूस हवा होता. दुसऱ्या सत्रात सहायक प्रशिक्षकच बूट बांधून मैदानात उतरले. ते होते आंगेल योर्दानेस्कू. तीनच दिवसांपूर्वी त्यांना छत्तीसावं वर्ष पूर्ण झालं होतं.

त्यांनी काही चमत्कार केला नाही. चेंडू पायाशी ठेवायचा, घाई थोपवायची, शेजारच्याला सोपा पास द्यायचा, एवढंच. पण दमलेल्या संघाला नेमकं तेच हवं होतं. जादा वेळेतही गोल झाला नाही. मग पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक हेल्मुट दुकादामने बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवल्या आणि स्तेआवा २-० जिंकली. पूर्व युरोपातल्या साम्यवादी देशांतल्या क्लबने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

योर्दानेस्कूंचा जन्म १९५० मध्ये याश शहरात झाला. स्तेआवा हा लष्कराचा क्लब. १९६८ पासून ते तिथे खेळले आणि भरपूर गोल केले. मग ग्रीसमध्ये क्रीट बेटावरच्या ओएफआय क्लबकडून खेळून परत आले. म्हणूनच सेव्हियात त्यांना संघाबाहेरचा माणूस म्हणता येत नाही. बाकावर बसले तरी ते त्या घरातलेच होते.

मुख्य प्रशिक्षक एमेरिक येनेई राष्ट्रीय संघाकडे गेल्यावर सूत्रं योर्दानेस्कूंकडे आली. जून १९८६ ते सप्टेंबर १९८९ या काळात स्तेआवा देशांतर्गत लीगमध्ये सलग १०४ सामने हरली नाही. सत्तेची सावली असलेल्या क्लबचा हा विक्रम, तेव्हा त्याकडे बघताना तेही लक्षात ठेवायला हवं. १९८९ मध्ये ते पुन्हा युरोपियन कपच्या अंतिम फेरीत पोहोचले. तिथे एसी मिलानने त्यांना ४-० असं धुतलं.

योर्दानेस्कूंची खरी ओळख मात्र मला रोमानियाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून १९९४ च्या विश्वचषकात दिसते. अर्जेंटिनाविरुद्ध मुख्य स्ट्रायकर रादुचोयू निलंबित होता. योर्दानेस्कूंनी मधल्या फळीतल्या इलिए दुमित्रेस्कूला पुढे काढलं. त्याने दोन गोल केले, तिसरा हाजीने, आणि रोमानिया ३-२ जिंकली. सेव्हियात कर्णधार नव्हता, इथे स्ट्रायकर नव्हता. दोन्ही वेळा त्यांचं उत्तर एकच : आहे त्यातून उभं करायचं.

उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्ध पुन्हा पेनल्टी आल्या. २-२ नंतर शेवटची पेनल्टी मारायला गेला मिओद्राग बेलोडेडिच, सेव्हियाच्या त्या रात्रीचा बचावपटू. गोलरक्षक राव्हेलीने ती अडवली आणि रोमानिया बाहेर पडली. आठ वर्षांपूर्वी ज्या खेळाने सगळं दिलं होतं, त्यानेच ते काढून घेतलं. ती हार आजही जिव्हारी लागते.

१९९६ चा युरो, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा, वाया गेला, तिन्ही सामने हरले. १९९८ मध्ये इंग्लंडला २-१ हरवून गटात पहिलं येणं ही मोठी कमाई होती, पण क्रोएशियाच्या एका पेनल्टीने तीही संपवली. वयाच्या ६६ व्या वर्षी युरो २०१६ साठी ते पुन्हा बाकावर बसले. सलामीला यजमान फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी दिसत होती, तेव्हा शेवटच्या मिनिटांत फ्रान्सच्या पायेने गोल केला.