स्कोअर पडलेला असताना भाड्याचं घर: अहवाल कसा तपासायचा, दुरुस्तीचा अर्ज कुठे करायचा

भाड्याचं घर घेताना पूर्वी आधार, पगाराची स्लिप आणि आधीच्या मालकाचा फोन नंबर एवढ्यावर काम भागायचं. आता काही एजंट आणि एजन्सीवाले थेट ‘सिबिल पाठवा’ म्हणतात, म्हणजे तुम्ही कर्जं कशी फेडलीत याचा अहवाल आणि त्यावरून काढलेला स्कोअर. स्कोअर सहाशेच्या आत असला की माणूस तिथेच गार पडतो.

आधी एक लक्षात घ्या. घरमालकाला तुमचा अहवाल परस्पर काढता येत नाही. 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याप्रमाणे तो बँका, वित्तसंस्था अशा ठरावीक संस्थांनाच मिळतो. म्हणजे तुम्ही दिलात तरच तो मालकाच्या हातात पडणार. द्यायची वेळ आलीच तर स्कोअरचं पान तेवढं द्या. सगळी पीडीएफ कशाला? त्यात पॅन, जुने पत्ते, कुठल्या बँकेत किती कर्ज, सगळं असतं. ती एकदा एजंटच्या व्हॉट्सॲपवर गेली की पुढे कुठे फिरेल सांगता येत नाही.

अहवाल मिळवणं

आपण सगळे ‘सिबिल’ म्हणतो खरं, पण देशात असे अहवाल तयार करणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. स्कोअर 300 ते 900 या पट्ट्यात असतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 2017 पासून प्रत्येक कंपनीनं दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. चार कंपन्यांचे मिळून वर्षाला चार झाले. पॅन, जन्मतारीख आणि मोबाईलवर येणारा ओटीपी एवढं जवळ असलं की पुरे. संकेतस्थळावर पैसे भरून घ्यायच्या योजना ठळक दिसतात, फुकटची लिंक जरा शोधावी लागते. शोधाच. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. ही भीती निष्कारण पसरलेली आहे.

आता स्कोअरचा आकडा बाजूला ठेवा आणि खात्यांचं पान उघडा. दुखणं तिथे आहे. प्रत्येक कर्जाखाली महिन्या-महिन्याचे चौकोन असतात. ‘000’ म्हणजे हप्ता वेळेवर, ‘060’ म्हणजे त्या महिन्यात थकबाकीला साठ दिवस झाले होते. माझ्या ओळखीच्या एका मुलाचा अहवाल असाच दोघांनी बसून वाचला. मोबाईलचं हप्त्यावरचं कर्ज, हप्ते सगळे भरलेले. मग चौकोनांत 030, 060, 090 असं चढत का गेलं? एक हप्ता बाउन्स झाला होता. हप्ता त्यानं भरला, त्यावरचा दंड राहिला. पाचशेच्या आसपासची रक्कम, आणि तिनं सगळी ओळ लाल केली.

अशी प्रत्येक वाईट ओळ दोनपैकी एका गटात टाका: चुकीची किंवा खरी. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

चुकीची ओळ: तक्रार कोण करू शकतो?

ज्याच्या नावाचा अहवाल, तो. न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर दिसणं, फेडलेलं कर्ज चालू दिसणं, एकच कर्ज दोनदा येणं, नाव, पॅन किंवा जन्मतारीख चुकणं, वेळेवर भरलेला हप्ता थकलेला दाखवणं, या सगळ्यासाठी तक्रार चालते. ‘माझा स्कोअर एवढा कमी का’ ही मात्र दुरुस्तीची तक्रार होत नाही. कुणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तुमच्या अहवालात येतं. ती चूक नाही.

अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही. अहवालावरचा कंट्रोल नंबर, म्हणजे त्या अहवालाचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. नेमकं कुठलं खातं आणि त्यातला कुठला रकाना चुकला, ते निवडायचं. कागद असे जुळवा:

- पॅन आणि पत्त्याचा पुरावा
- कर्ज फिटल्याचा नो ड्यूज दाखला
- हप्ता गेल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंट
- न घेतलेलं कर्ज असेल तर पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रत

पतमाहिती कंपनी मनानं काही बदलत नाही. ती तुमची तक्रार बँकेकडे पाठवते आणि बँकेनं मान्य केलं तरच ओळ बदलते. म्हणून मी दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज करायला सांगतो: कंपनीच्या पोर्टलवर आणि बँकेच्या तक्रार विभागात, ईमेलनं. ईमेलमुळे तारीख राहते, आणि पुढे सगळं तारखेवर चालतं.

कारण नियमानं एकूण मुदत 30 दिवसांची आहे. त्यातल्या 21 दिवसांत बँकेनं दुरुस्त माहिती कंपनीला पाठवायची, उरलेल्या दिवसांत कंपनीनं काम पुरं करायचं. मुदत उलटली की पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. उशीर ज्याच्याकडे झाला, त्यानं ती द्यायची. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2023 मध्ये हा नियम काढला आणि एप्रिल 2024 पासून तो लागू आहे. तक्रार करताना बँक खात्याचा तपशील द्या, म्हणजे पैसे कुठे टाकायचे यावरून पुढे घोळ नको.

30 दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही लोकपाल योजनेत आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर करायची, त्यालाही फी नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पण आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असायलाच हवी. थेट गेलात तर अर्ज परत येतो.

खरी ओळ

इथे तक्रारीचा काही उपयोग नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्यांचाही नाही. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

थकलेलं भरा आणि नो ड्यूज दाखला हातात घ्या. तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवलं असेल तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पुढचा कर्ज देणारा त्यावर बोट ठेवतो. जमत असेल तर बँकेला लेखी विचारा: सोडलेली रक्कम भरली तर शेरा बदलून ‘क्लोज्ड’ कराल का? होकार लेखी आल्याशिवाय पैसे भरू नका. वर सांगितलेल्या मुलानं दंड भरला, खातं बंद झालं. मागचे चढलेले चौकोन मात्र तसेच आहेत. ते हळूहळू मागे सरकतील, कारण अहवालात साधारण 36 महिन्यांचा इतिहास दिसतो.

पुढचे चौकोन चांगले भरायला नवं खातं लागतं. साधं कार्ड मिळत नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड बघा. ठेव तारण असल्यानं बँक स्कोअरवरून फारसं अडत नाही. मर्यादेच्या तीसेक टक्क्यांच्या आत वापर ठेवा आणि बिल पूर्ण भरा. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून समाधान मानू नका. आणि एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करू नका, कारण अर्जामुळे बँकेनं केलेली प्रत्येक चौकशी अहवालात नोंदवली जाते.

तोवर घराचं काय?

घरभाडं आपल्याकडे सहसा पतअहवालात जात नाही. त्यामुळे वेळेवर भाडं भरल्याचा पुरावा तुम्हालाच उभा करावा लागतो. भाडं रोख देऊ नका. बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढून भाड्याच्या ओळींवर खूण करा, आधीच्या मालकाकडून चार ओळींचं पत्र घ्या, पगाराच्या स्लिपा जोडा. स्कोअर का पडला आणि काय भरलंय, हे विचारायच्या आधी सांगून टाका. नो ड्यूजचा कागद दाखवला की बऱ्याच मालकांचा सूर बदलतो.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी, असं भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. ‘साध्या नोटरीवर भागवू’ म्हणणाऱ्या मालकाला हे गोड शब्दांत सांगायला हरकत नाही.

नोंदणी झालेल्या कराराची प्रत मिळाली की बँकेत जाऊन नवा पत्ता नोंदवा. जानेवारी 2025 पासून बँकांना निदान पंधरवड्याला एकदा माहिती पाठवावी लागते, तेव्हा अहवालात तो लवकरच दिसायला हवा. नाही दिसला तर तक्रारीचा अर्ज कसा करायचा ते वर आहेच.